१९४४ ची रिप्लेसमेंट पोरं: सुटी आली, सुटी मेली

कातळकडा

महायुद्धावर मराठीत भरपूर लिहून झालंय. पॅटन झाला, रोमेल झाला, नॉर्मंडी तर दरवर्षी जून आला की होतंच. मला या धाग्यात बोलायचंय ते १९४४ च्या उन्हाळ्यानंतर अमेरिकेतून युरोपात आलेल्या रिप्लेसमेंट पोरांबद्दल. म्हणजे सक्तीच्या भरतीत उचललेला १८-१९ वर्षांचा पोरगा, चारेक महिन्यांचं ट्रेनिंग झालेलं, आणि कुठल्याही पलटणीबरोबर न पाठवता सुटाच बोटीवर चढवलेला. आघाडीवर जिथे माणूस कमी पडेल तिथे त्याला बसवायचं. बरेच दिवस यावर वाचतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय की या पोरांचे जीव जर्मन तोफांनी घेतले तेवढेच या पद्धतीनेही घेतले.

आधी हिशोब मांडतो. भरतीचा कायदा १६ सप्टेंबर १९४० चा, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीसुद्धा नव्हती आणि वयाची अट २१ ते ३५ होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते वय खाली आणून १८ केलं, आणि डिसेंबरात १८ ते ३७ वयाच्या माणसांनी आपणहून भरती होणंच बंद केलं, म्हणजे पत्र येणार, डॉक्टर तपासणार आणि तुम्हाला कुठे टाकायचं ते त्यांच्या गरजेप्रमाणे ठरणार. युद्धभरात साधारण १ कोटी माणसं या रस्त्याने आली. गळ्यातल्या बिल्ल्यावर नंबर असायचा त्यावरूनच कळायचं, सक्तीने आलेल्याचा नंबर बहुतेक ३ ने सुरू व्हायचा.

आता १ कोटी माणसं असून पायदळ कमी पडलं कसं? तर लष्कराने युद्धाच्या शेवटापर्यंत डिव्हिजन, म्हणजे स्वतंत्रपणे लढणाऱ्या मोठ्या तुकड्या, ठेवल्या फक्त ८९. बाकीची माणसं विमानदलात, नौदलात, रसदीत, आणि कारखाने पण चालवायचे होतेच. त्या ८९ मधल्या काही पॅसिफिकमध्ये. त्यामुळे युरोपात एखादी डिव्हिजन थकली म्हणून तिला मागे काढावं आणि दुसरी पुढे आणावी एवढी चैनच नव्हती. मग डिव्हिजन आहे तिथेच ठेवायची आणि रोज जेवढे मेले, जखमी झाले, आजारी पडले तेवढी नवीन माणसं वरून ओतायची. कागदावर डिव्हिजन कायम भरलेली.

पण खरी गंमत नाही, खरं दुःख पुढे आहे. एका पायदळ डिव्हिजनमध्ये १४ हजारांवर माणसं, त्यात तोफखाना, सिग्नल, इंजिनिअर, ड्रायव्हर, आचारी सगळे आले. रायफल कंपन्या २७, एका कंपनीत १९३ माणसं, म्हणजे ५,२०० च्या आसपास. रोज पुढे जाऊन मार खाणारे हे एवढेच. समुद्रापारच्या अमेरिकन सैन्यात पायदळ १४ टक्के होतं आणि एकूण हानीत त्याचा वाटा ७० टक्के. तेव्हा डिव्हिजनचे ५ हजार गेले असं वाचाल तेव्हा ते १४ हजारांतले ५ हजार समजू नका, ते जवळजवळ सगळे त्या ५,२०० जागांवरचे असतात आणि त्याच जागांवर परत नवीन पोरं येऊन बसलेली असतात, युद्ध संपेपर्यंत कित्येक डिव्हिजनची एकूण हानी तिच्या पूर्ण संख्येपेक्षा जास्त झाली ती अशी.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः ज्यांनी स्वतः फौजेत वर्षं काढलीयेत त्यांचं मत वाचायला आवडेल.

त्रैराशिक

लेख चांगला आहे पण निष्कर्षाशी सहमत नाही. दुसरा उपाय काय होता ते सांगा. जर्मनांनी उलटं केलं, डिव्हिजन लढवत ठेवायची, तिची पार राख झाली की मागे काढून नव्याने उभी करायची. ऐकायला छान वाटतं, पण १९४४ मध्ये त्यांच्या डिव्हिजनच्या नावाखाली कधी कधी एका रेजिमेंटची, म्हणजे डिव्हिजनच्या एका भागाचीसुद्धा माणसं नसायची. अमेरिकन डिव्हिजन कायम दमात राहिल्या, जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेलं सैन्य पुढच्या मे महिन्यात जर्मनीतल्या एल्बे नदीच्या पलीकडे पोचलं होतं. युद्ध जितके महिने लांबलं असतं तितके जास्त लोक मेले असते, आणि त्यात छळछावण्यांमधले पण धरा. ब्रिटिशांकडे माणसं संपली तेव्हा ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अख्खी ५९ वी डिव्हिजन मोडून तिची माणसं बाकीच्यांत वाटली. माणूस कमी पडला की कुणाला तरी अनोळखी पलटणीत जावंच लागतं.

कातळकडा

त्रैराशिक, माणसं पाठवायलाच नको होती असं मी म्हणतच नाहीये. पाठवायची तर चार-पाच जणांचा गट एकत्र ठेवून पाठवा, एकाच सेक्शनमध्ये द्या, आघाडीच्या मागे आठवडाभर त्या कंपनीबरोबर राहू द्या. काही डिव्हिजननी हे स्वतःच्या हिमतीवर केलंही, मागच्या बाजूला छोटी शाळा काढली, जुन्या सार्जंटांना शिकवायला बसवलं, आणि तिथे फरक पडला. पण नियम म्हणून माणूस म्हणजे सुटा भाग, घासला की बदला, अशीच सगळी व्यवस्था बांधलेली होती.

त्याचा प्रवास बघा ना. घरून ट्रेनिंग कॅम्प, टेक्सासातला कॅम्प वॉल्टर्स म्हणा, फ्लोरिडातला कॅम्प ब्लँडिंग म्हणा. १७ आठवडे, जे शेवटी शेवटी १५ वर आणले. तिथे मित्र झाले ते बोटीवर चढताना विखुरले. मग फ्रान्सचा किनारा, मग मालगाडीचे ते पहिल्या महायुद्धापासूनचे डबे ज्यांच्यावर ४० माणसं किंवा ८ घोडे असं लिहिलेलं असायचं. मग डेपो, मग दुसरा डेपो. प्रत्येक डेपोत आठवडा, दोन आठवडे, कधी महिना, चिखलात तंबू, काम काही नाही, रायफलवर हात बसलेला तो जायला लागलेला, घरची पत्रं मागच्या पत्त्यावर फिरतायत कारण याला अजून पत्ताच नाही. शेवटी एक दिवस यादीत नाव येतं आणि ट्रक निघतो.

सुरंगी

ट्रकच्या पुढे काय व्हायचं ते पण लिहा. आमच्यासारख्या न कळणाऱ्यांना तेच हवंय, आकडे डोक्यावरून जातात.

कातळकडा

सुरंगी, ट्रक मागच्या मुक्कामापर्यंत. दिवसा पुढे जाता येत नाही कारण दिसलं की मॉर्टर, म्हणजे उखळी तोफेचा गोळा पडतो, त्यामुळे अंधार पडला की रेशन आणि दारूगोळा घेऊन जी माणसं पुढे जातात त्यांच्यामागून या पोरांनी चालायचं. पुढच्याच्या पाठीकडे बघत. मग कुणीतरी दंड धरून एका खड्ड्यात उतरवतो आणि कुजबुजतो की हा तुझा जोडीदार, जर्मन त्या बाजूला आहेत. झालं. कंपनी कमांडरचा चेहरा दिसलेला नाही, डावीकडे कोण उजवीकडे कोण पत्ता नाही, सेक्शन १२ जणांचं असायला हवं त्यात आत्ता पाच आहेत की सात तेही माहीत नाही. पहाटे तोफा सुरू झाल्या आणि हा मेला तर त्याला ओळखणारं तिथे कुणीच नाही, बिल्ला बघूनच नाव लिहायचं. हे एकदा-दोनदा घडलेलं नाही, त्या शरदात सतत चालू होतं.

आणि यातलं सगळ्यात वाईट ठिकाण म्हणजे ह्यूर्टगेनचं जंगल. जर्मनीत आखेन शहराच्या आग्नेयेला, दाट लावलेली फरची झाडं, इतकी की दुपारी पण आत अंधार. सप्टेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५ अशी तिथे झुंज चालली आणि लढाईत, थंडीने, आजाराने मिळून अमेरिकेची ३३ हजारांच्या आसपास माणसं खर्ची पडली. त्या जंगलातली एकच गोष्ट सांगतो. ट्रेनिंगमध्ये पोरांच्या हाडीमाशी भिनवलेलं असायचं की तोफगोळ्याचा आवाज आला की जमिनीवर पालथं पड. उघड्या रानात ते बरोबर आहे, गोळा जमिनीवर फुटतो, तुकडे वर आणि बाजूला उडतात, पडलेला माणूस वाचतो. ह्यूर्टगेनमध्ये गोळा झाडाच्या शेंड्याला लागून वरच फुटायचा, आणि लोखंडाचे तुकडे व लाकडाच्या ढलप्या सरळ खाली. पालथ्या पडलेल्या पोराची अख्खी पाठ त्याला मिळायची. तिथे वाचायचं तर बुंध्याला चिकटून ताठ उभं राहायचं, म्हणजे वरून बघितलं तर हेल्मेट आणि खांदे एवढंच उघडं. खड्डा खणला तरी त्यावर ओंडके आणि माती टाकून छत करायला लागायचं. जुन्या माणसाला हे दोन दिवसांत कळलेलं असायचं. नव्याला सांगणार कोण? रात्री उतरवला आणि पहाटे गोळे पडले, त्याने शिकवल्याप्रमाणे केलं आणि गेला. म्हणून मी म्हणतो की पद्धतीने मारलं, ओळखीचा एक माणूस शेजारी असता आणि एका दिवसाची उसंत मिळाली असती तर एवढं एक वाक्य तरी कानावर पडलं असतं.

४ थ्या डिव्हिजनची २२ वी रेजिमेंट नोव्हेंबरच्या मध्यापासून १८ दिवस त्या जंगलात होती. तिच्या नेमलेल्या संख्येच्या सुमारे ८५ टक्के हानी झाली, आणि लढाई चालू असतानाच रिप्लेसमेंट येत होते, तेही त्यातच गेले.

रानजाई

मी ओहायोत राहते. आमच्या शेजारी एक आजोबा होते, बरीच वर्षं झाली त्यांना जाऊन. ते असेच, हायस्कूल संपलं, पत्र आलं, आणि नोव्हेंबर ४४ मध्ये त्या जंगलात. युद्धाचं सहसा बोलायचे नाहीत, पण माझ्या मुलाला शाळेत कुणा म्हाताऱ्या माणसाची मुलाखत घेऊन लिहायचं होतं तेव्हा बसले होते आमच्या किचनमध्ये आणि सगळं सांगितलं. त्यातलं मला एक नीट आठवतं. त्यांना रात्री खड्ड्यात उतरवलं तेव्हा आत जो सार्जंट होता त्याने पहिला प्रश्न विचारला की मोजे किती जोड आणलेस. दोन आहेत म्हटल्यावर म्हणाला एक काढ आणि शर्टाच्या आत पोटाशी ठेव, रोज रात्री बदलायचे, ओले पोटाशी सुकवायचे, आणि बूट काढून मी तुझे पाय चोळणार तू माझे. आजोबांना ते इतकं विचित्र वाटलं होतं, आयुष्यात कधी परक्या माणसाच्या पायाला हात लावला नव्हता. पण त्यांची बोटं शाबूत राहिली ती त्यामुळेच, त्यांच्याबरोबर आलेल्या एकाची कापायला लागली होती.

सार्जंटचं पूर्ण नाव त्यांना कधीच कळलं नाही, सगळे आडनावाने हाक मारायचे, तेही तोडून. तो जखमी होऊन मागे गेला, नंतर हे पण जखमी झाले, आणि हॉस्पिटलमधून बरे झाल्यावर परत डेपोत आणि तिथून भलत्याच डिव्हिजनमध्ये! मुलाने विचारलं होतं की तुम्ही रियुनियनला का जात नाही. म्हणाले, कुठल्या जाऊ, एकीकडे मी काही आठवडे होतो आणि दुसरीकडे काही आठवडे, दोन्हीकडे मला ओळखणारं कोण आहे. हे वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. कातळकडा जे म्हणतायत ते मला म्हणून पटतं.

दगडफूल

मोज्यांचं रानजाईताईंनी लिहिलंय त्यात वैद्यकीय बाजू सांगतो. त्याला ट्रेंच फूट म्हणतात, बर्फ लागतच नाही त्याला, शून्याच्या वरची थंडी आणि ओल पुरते. पाय दिवसेंदिवस ओल्या बुटात, हालचाल नाही, रक्तपुरवठा मंदावतो, आधी बधिर, मग सूज, मग काळा पडायला लागतो. त्या हिवाळ्यात युरोपात अमेरिकेची थंडीने पाय बिघडलेली ४५ हजारांच्या आसपास माणसं हॉस्पिटलात होती, म्हणजे तीन डिव्हिजनएवढी, आणि बहुतेक सगळी रायफल कंपन्यांतली. कारण असं की सप्टेंबरात सगळ्यांना वाटत होतं युद्ध नाताळपर्यंत संपेल, म्हणून जहाजातून आणि ट्रकमधून पेट्रोल आणि दारूगोळा आधी, गरम कपडे आणि हिवाळी बूट नंतर. नंतर म्हणजे पायदळापर्यंत पोचायला जानेवारी उजाडला. मग हुकूम निघाले की रोज रेशनबरोबर कोरडे मोजे पुढे पाठवायचे आणि जोडीदारांनी एकमेकांचे पाय तपासायचे. रानजाईताईंच्या शेजाऱ्यांच्या सार्जंटने तो हुकूम यायची वाट बघितली नाही असं दिसतंय. मोठा माणूस.

त्रैराशिक

रानजाई, तुमचा प्रतिसाद फार आवडला. हॉस्पिटलमधून आपल्याच पलटणीत परत न पाठवणं हे मात्र मलाही कधी समजलेलं नाही, त्याने संख्या पण वाढत नव्हती. त्यामुळे बरे झालेले कित्येक जण डेपोतून पळून, रस्त्यात ट्रक थांबवत, आपल्या जुन्या कंपनीकडे जायचे. कागदोपत्री ते गैरहजर आणि प्रत्यक्षात आघाडीकडे पळतायत.

लिंबोणी

यात एडी स्लोविकचं नाव यायला हवं. तो याच पद्धतीतला रिप्लेसमेंट. डेट्रॉईटचा, आधी चोरीमारीत तुरुंगात जाऊन आलेला म्हणून लष्कराने नको म्हटलं होतं. मग लग्न झालं, कामाला लागला, मार्गी लागला, आणि तेवढ्यात माणसं कमी पडायला लागली म्हणून त्याला पात्र ठरवून उचलला. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समध्ये आला, २८ व्या डिव्हिजनकडे जाताना रस्त्यातच तोफमारा झाला त्यात चुकला आणि दीडेक महिना कॅनडाच्या एका तुकडीबरोबर राहिला. ऑक्टोबरात आपल्या कंपनीत पोचला आणि लेखी दिलं की मला पुढे पाठवलं तर मी परत पळून जाईन. अधिकाऱ्यांनी परत परत सांगितलं की तो कागद फाड आणि कामावर जा, काही होणार नाही. त्याने ऐकलं नाही, त्याला वाटलं तुरुंगात टाकतील.

११ नोव्हेंबरला खटला झाला. त्याच आठवड्यात २८ वी डिव्हिजन ह्यूर्टगेनमध्ये श्मिट गावापाशी चिरडली जात होती, मेलेली, जखमी, कैद झालेली मिळून ६ हजारांवर माणसं गेली तिथे. ३१ जानेवारी १९४५ ला फ्रान्समधल्या सेंट मारी ओ मीन इथे गोळ्या घातल्या. २४ वर्षांचा होता. युद्धभरात २१ हजारांवर अमेरिकन सैनिकांना पळून गेल्याबद्दल शिक्षा झाली, ४९ जणांना मृत्युदंड सुनावला, त्यातला प्रत्यक्षात दिला गेला तो एकट्या स्लोविकला. त्याच्या बायकोला खरं काय झालं ते कळायलाच काही वर्षं गेली. अस्थी अमेरिकेत आल्या त्या १९८७ मध्ये, तेव्हा ती पण हयात नव्हती.

जुना_हवालदार

धागा काल रात्री पूर्ण वाचला. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, पेन्शनर आहे, लिहिण्याची सवय नाही, सांभाळून घ्या.

स्लोविकबद्दल मी वाईट बोलणार नाही. पळणारा चूकच, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो आणि मरतो, हे मी माझ्या पोरांना पण सांगेन. पण माणूस लढतो कुणासाठी हे बाहेरच्याला समजत नाही. पलटणीत गेलो तेव्हा मी पण पोरगाच होतो, पहिल्या दिवशी नायकाने गाव विचारलं, तालुका विचारला, तुमच्याकडचा अमका माझ्याबरोबर होता म्हणाला, संध्याकाळपर्यंत मला माझी जागा कळली होती. बेळगावच्या सेंटरमध्ये ज्यांच्याबरोबर घाम गाळला त्यातलेच पलटणीत भेटत होते. पळून जाऊन तोंड कुठे दाखवणार, गावात आधी पत्र पोचेल. ही लाज आणि हा जीव दोन्ही बरोबर असतं म्हणून माणूस खड्ड्यात टिकतो. एकट्या पोराला ना लाज धरायला कुणी, ना जीव लावायला कुणी. त्याने टिकायचं कशावर?

आपली माणसं पण त्याच युद्धात युरोपात होती हे किती जणांना माहीत आहे? इटलीत ४ थी, ८ वी, १० वी अशा तीन हिंदी डिव्हिजन होत्या. आपल्याकडे सक्ती नव्हती, सगळे स्वतःहून गेलेले, अर्थात घरची गरिबी बघून गेलेले त्यात पुष्कळ. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगन चालली आणि सगळं सेक्शन मेलं किंवा जखमी झालं. एकटे उरले. ते तसेच धावत गेले, ग्रेनेडने गन बंद केली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगनच्या दस्त्याने राहिलेल्या दोघांना मारलं. मग जर्मनांनी टिपून मारलं त्यांना. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांची कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. दुसरे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, दोन जखमी जोडीदारांना एकेक करून गोळीबारातून, पाण्यातून आणि सुरुंगातून मागे आणलं आणि परत एकटे वर जाऊन तीन मशीनगन बंद केल्या, मग बांधावर उभं राहून मराठ्यांची ललकारी दिली आणि बाकीच्यांना पुढे बोलावलं. जाधवांनी मागे आणले ते दोघे त्यांच्या ओळखीचे होते. मला तेवढंच सांगायचं होतं.

सुरंगी

काका, सांभाळून काय घ्यायचं, या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्हीच लिहिलंत. मी माणगावची आहे, घाडग्यांचा पुतळा येता-जाता बघितलाय, पण ते त्या दिवशी एकटे उरले होते हे आज पहिल्यांदा वाचलं.

कातळकडा

काका, मनापासून आभार. इटलीत मोंतोने गावात २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, तिथल्या लोकांनी आठवण ठेवली याचं फार बरं वाटतं.

तुमच्या मुद्द्याला धरूनच एक उदाहरण अमेरिकेचंच आहे. त्यांचं सैन्य तेव्हा वर्णभेदावर चालायचं, काळ्या सैनिकांना बहुतेक करून रसद, बंदरं, ट्रक यातच ठेवत. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमकडच्या आर्डेन जंगलातल्या लढाईत रायफलवाले इतके कमी पडले की शेवटी या लोकांना विचारलं, पायदळात येता का. हजारोंनी नावं दिली. सार्जंट होते त्यांनी फिती उतरवून साधा सैनिक म्हणून जायचं कबूल केलं, कारण काळ्या सार्जंटने गोऱ्यांना हुकूम द्यायची वेळ येऊ नये अशी अट होती. ही अट किती अपमानाची आहे ते मी वेगळं सांगायला नको. दोन हजारांवर माणसं घेतली, पण त्यांना एकेकटं न पाठवता एकत्र शिकवून प्लाटून, म्हणजे कंपनीतला एक गट म्हणून पाठवलं. मार्च १९४५ पासून ते ऱ्हाइनपलीकडे लढले आणि ज्या गोऱ्या कंपन्यांबरोबर लढले त्यांचे अधिकारी नंतर त्यांच्याबद्दल चांगलंच बोलले. म्हणजे लढाई चालू असताना गटाने माणसं पाठवता येत होती. त्रैराशिक, हे बघा.

त्रैराशिक

हे उदाहरण जोरदार आहे, मान्य. फक्त ती संख्या लहान होती आणि मार्चमध्ये जर्मन सैन्य कोसळत होतं, नोव्हेंबरात आठवड्याला हजारो माणसं लागत होती तेव्हा एवढी सवड मिळाली असती का ही शंका माझ्या मनात राहणार. आणि ओळखीची माणसं बरोबर असली म्हणजे निभावतंच असंही नाही. १०६ वी डिव्हिजन बघा, ११ डिसेंबरला आघाडीवर आली, १६ ला जर्मन हल्ला, १९ ला तिच्या दोन रेजिमेंट शरण. साडेसहा-सात हजार पोरं एका दिवसात कैदेत. त्यातली पुष्कळशी कॉलेजातून काढून आणलेली, लष्कराने हुशार पोरांना इंजिनिअरिंग शिकवायची योजना काढली होती ती फेब्रुवारी १९४४ मध्ये कापली आणि लाखाच्या वर विद्यार्थी उचलून सैन्यात पाठवले, बहुतेक पायदळात.

कातळकडा

अहो पण १०६ व्या डिव्हिजनचं तर माझ्याच बाजूने जातं. अमेरिकेत ट्रेनिंग चालू असताना हजारो तयार माणसं तिच्यातून रिप्लेसमेंट म्हणून उपसून नेली आणि त्या जागी नवीन भरली, अगदी निघायच्या आधीपर्यंत. कागदावर ती एकत्र शिकलेली डिव्हिजन, प्रत्यक्षात निम्म्यांना एकमेकांची नावं नीट माहीत नसणार.

रानजाई

अजून एक राहिलं. जपानी वंशाच्या अमेरिकन पोरांना जानेवारी १९४४ पासून परत ड्राफ्टमध्ये, म्हणजे सक्तीच्या भरतीत घेतलं, आणि त्यातल्या कित्येकांचे आईवडील तेव्हा सरकारनेच काटेरी कुंपणाच्या कॅम्पमध्ये डांबलेले होते. भरतीचं पत्र कॅम्पच्या पत्त्यावर यायचं! वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन कॅम्पमधल्या ६३ जणांनी सांगितलं की आधी आमचे हक्क द्या मग आम्ही येतो, त्यांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली, १९४७ मध्ये ट्रूमनने माफी दिली. आणि जे गेले ते ४४२ व्या रेजिमेंटमध्ये गेले, ऑक्टोबर ४४ मध्ये फ्रान्समधल्या व्होज डोंगरात वेढ्यात अडकलेल्या टेक्ससच्या बटालियनचे २११ लोक सोडवायला त्यांची ८०० च्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. तिथे गेलेला पोरगा बरोबर आणि तुरुंगात गेलेला चूक असं मला तरी म्हणता येत नाही, दोघांनीही किंमत मोजली.

मास्ट्रिख्टकर

मी नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला राहतो, मार्ग्राटनची अमेरिकन दफनभूमी इथून जवळ आहे. ८,३०० च्या आसपास कबरी, आणि प्रत्येक कबर इथल्या कुणा ना कुणा कुटुंबाने दत्तक घेतलीये, १९४५ पासून. नवीन माणसाला मिळत नाही, वेटिंग लिस्ट आहे. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंकडे त्यांच्या आजीपासून आलेली कबर आहे, मे महिन्यात फुलं घेऊन जातात, मीही एकदा बरोबर गेलो होतो. संगमरवरी क्रॉसवर नाव, हुद्दा, तुकडी, राज्य आणि मृत्यूची तारीख असते, जन्मतारीख नसते. त्यामुळे समोरचा पोरगा १९ चा होता की ३५ चा ते दगडावरून कळतच नाही. त्या बाईंच्या कुटुंबाने अमेरिकेत पत्रं लिहून लिहून त्याच्या बहिणीला शोधलं होतं, तेव्हा वय कळलं, फोटो मिळाला, आणि तो रिप्लेसमेंट होता हेही कळलं. बहिणीला उलट विचारायचं होतं की त्याच्या पलटणीतलं कुणी ओळखीचं सापडेल का. कुणी सापडलं नाही.

युद्धानंतर घरच्यांना विचारलं होतं की मृतदेह मायदेशी आणायचा की तिथेच ठेवायचा, साधारण ६० टक्के लोकांनी परत मागवले. इथे आहेत ते उरलेले.

लिंबोणी

जे वाचले त्यांचंही लगेच संपलं नाही. मे १९४५ मध्ये घरी जायला ८५ पॉइंट लागायचे, नोकरीचा दर महिना १, समुद्रापारचा दर महिना आणखी १, पदक किंवा लढाईचा तारा ५, मुलामागे १२. १९ वर्षांच्या, लग्न न झालेल्या, सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोराचे कसेबसे तीसेक भरायचे. सगळ्यात वाईट महिने यांनी काढले आणि घरी जायच्या रांगेत शेवटी हेच, वर आता जपानवर जावं लागेल ही धास्ती ऑगस्टपर्यंत.

सुरंगी

मास्ट्रिख्टकर यांनी लिहिलंय तसं एखाद्या रिप्लेसमेंटचं नाव शोधायचं असेल तर कागद मिळतात का? रानजाईताईंच्या आजोबांचा तो सार्जंट कोण होता हे शोधता येईल का, असं डोक्यात आलं.

कातळकडा

मिळतात, पण अडचण आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागारात आग लागली आणि १९१२ ते १९६० मध्ये लष्करातून सुटलेल्यांच्या ८० टक्के फायली जळाल्या, म्हणजे ड्राफ्टच्या पोरांच्याही बहुतेक. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या होत्या त्या राहिल्या. एक म्हणजे युद्धात मेलेल्याची मृत्यूनंतरची फाइल, त्यात घरच्यांची पत्रं पण असतात. आणि दुसरं, कंपनीचा मॉर्निंग रिपोर्ट. प्रत्येक कंपनीचा क्लार्क रोज लिहायचा की आज कोण आलं, कोण मेलं, कोण हॉस्पिटलात गेलं, नाव, हुद्दा आणि नंबर. रिप्लेसमेंट पोराचं नाव एका तारखेला आत आलेलं आणि चार दिवसांनी बाहेर गेलेलं तिथे दिसतं.

रानजाई, आजोबांची पहिली कंपनी, रेजिमेंट आणि साधारण तारीख माहीत असेल तर त्या महिन्याचे रिपोर्ट मागवा, त्यांचं नाव ज्या दिवशी आत आलंय त्यानंतर सार्जंट हुद्द्याचा कोण जखमी होऊन गेला ते बघायचं. रायफल कंपनीत सार्जंट बरेच असतात, पण तोडकं आडनाव तुम्हाला माहीत आहे म्हणजे दोन-तीन नावांवर येईल.

रानजाई

कंपनीचं अक्षर आणि रेजिमेंट मुलाच्या शाळेच्या वहीत लिहिलेलं आहे, वही माळ्यावरच्या खोक्यात असणार. त्यांच्या मुलीचा फोन नंबर आहे माझ्याकडे, आधी तिला विचारते, तिची हरकत नसेल तर मागवते आणि इथे लिहिते.